माड कोण ढकलतो

मांडवीच्या गंगाराम शिवलकराला काळजी करायला कधी कारण लागलं नाही. कारण मिळालं तर उलट तो जरा निवांत व्हायचा, कारण मग निदान शोधाशोध तरी संपायची. त्याच्या बापाने सारा जन्म माडांवर चढून माडी काढण्यात घालवला, पण माडावरून तो कधी पडला नाही. शेवटी तापाने अंथरुणाला खिळला आणि तिथेच गेला. गंगारामने यातून एवढंच घेतलं की अंथरूण ही धोक्याची जागा आहे. लग्न होईपर्यंत तो बसून झोपायचा म्हणतात. लग्नानंतर मथुरेने ते चालू दिलं नाही.

त्याची मुलगी हौसा वेळणेश्वरला दिलेली. तिकडून कोणी आलं की "सगळा बरा हाय" असा निरोप यायचा. दुसरा बाप असता तर गूळखोबरं वाटून मोकळा झाला असता. गंगारामला मात्र प्रश्न पडायचा, की सासरी गेलेल्या मुलीचं सारखं बरं कसं असेल? म्हणजे काहीतरी लपवतायत. मग कधीतरी हौसाला बारीक ताप आल्याचं कळलं, की त्या दिवशी तो पोटभर जेवायचा.

मथुरेने या सगळ्याकडे समुद्राच्या आवाजाकडे करावं तसं दुर्लक्ष केलं होतं. आवाज असायचाच. कमीजास्त व्हायचा, इतकंच.

नोकरी कोर्टात, शिपायाची. मुख्य काम पुकाऱ्याचं. आत साहेबांनी खूण केली की व्हरांड्यात येऊन वादीचं, प्रतिवादीचं, साक्षीदाराचं नाव तीनदा पुकारायचं आणि शेवटी "हाजीर हो" म्हणायचं. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस आला नाही, की आत जाऊन गैरहजर म्हणून सांगायचं. दावा लावणाराच गैरहजर असला, तर दावा कितीही मोठा असो, निकालात निघायचा. कुणाची आमराई, कुणाची विहीर, कुणाचं अर्धं घर गंगारामच्या तीन हाकांत हवेत विरून गेलेलं होतं. त्याचं त्याला काही वाटायचं नाही. त्याला वाटायचं ते हे, की आपला आवाज बसला तर? म्हणून तो बारा महिने ज्येष्ठमध चघळायचा आणि पावसाळ्यात गळ्याला मथुरेचं जुनं लुगडं गुंडाळायचा.

एवढं झालं तरी गाडं चाललं होतं. ते अडलं एकोणीसशे एकतीस साली, बाळा मयेकर आगबोटीवरची नोकरी सोडून कायमचा घरी आला तेव्हा.

बाळा शेजारचाच. लहानपणी दोघं एकत्र कालवं फोडायला जायचे. पुढे बाळा खलाशी झाला आणि वर्षा-दोन वर्षांनी महिनाभर दिसायचा. मधल्या काळात त्याची बायको गोदा वारली, घर बंद पडलं. आता केस पिकवून परत आला होता. स्वयंपाक स्वतः करायचा, जाळी विणायचा, आणि संध्याकाळी पाठीमागच्या परड्यात जाऊन एका माडाला पाठ टेकून बसायचा.

सगळं पुढचं त्या माडावरून झालं. दोन्ही परड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचा गडगा होता. तो एका जागी ढासळलेला होता आणि नेमका तिथेच, बाळाच्या हद्दीत, हा माड उभा होता. उभा म्हणजे कललेला. गंगारामच्या घराकडे कललेला. त्याचा शेंडा गंगारामच्या पडवीच्या कौलांवर झुलत असे. हे असं गंगाराम जन्मल्यापासून होतं आणि त्याने त्याकडे कधी पाहिलं नव्हतं, कारण काळजी करायला दुसरं पुष्कळ होतं.

एके संध्याकाळी तो परड्यात आला, आणि त्याला दिसलं की बाळा माडाच्या पलीकडच्या अंगाला बसलाय, दोन्ही पाय मातीत रोवलेत आणि पाठ खोडाला लावलीय. म्हणजे माड एकीकडे गंगारामचं घर आणि दुसरीकडे बाळाची पाठ यांच्यामध्ये.

गंगाराम हिशेब करू लागला. माणूस एखाद्या वस्तूला एका बाजूने पाठ लावून पाय रोवतो, तेव्हा तो काय करत असतो? ढकलत असतो. आणि हा रोज बसतो.

"बाळा माड ढकलतोय," त्याने आत येऊन मथुरेला सांगितलं.

मथुरा तांदूळ निवडत होती. "कुठे?"

"आपल्या घरावर."

"कशाला?"

"ता काय तो सांगेल?"

मथुरेने सूप आपटलं आणि खडा बाहेर टाकला. तिच्या मते विषय संपला होता.

गंगारामने मात्र उपाय योजला. दुसऱ्या दिवशी कोर्टातून आला, कपडे बदलले आणि ढासळलेल्या गडग्यावरून जाऊन माडाच्या आपल्या अंगाला, बाळाच्या बरोब्बर पाठीमागे बसला. पाय मातीत रोवले, पाठ खोडाला लावली आणि उलट बाजूने रेटायला सुरुवात केली.

बाळाला कोण आनंद झाला. इतक्या दिवसांत कोणी आपणहून त्याच्याजवळ येऊन बसलं नव्हतं. त्याने पाठीमागे हात करून तंबाखूची चंची पुढे केली.

"बरा केलास आलास," तो म्हणाला. "एकट्याला करमत नाय रे."

"हूं," गंगाराम म्हणाला. दात घट्ट आवळलेले असले की एवढंच म्हणता येतं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दोघे एका माडाला दोन्हीकडून पाठी लावून बसू लागले. बाळा बोलायचा, गंगाराम रेटायचा. बाळाला बोलण्याची भूक होती. गंगाराम अधूनमधून "हूं" करायचा आणि घामाघूम व्हायचा. मध्येच बाळा हसला की खोड थरथरायचं. मग गंगारामची खात्री पटायची की याने आता जोर वाढवला, आणि तो टाचा आणखी खोल रुतवायचा. दिवेलागणीला बाळा उठला की तो कंबर धरत उठायचा. मथुरा त्याच्या पाठीला तेल चोळायची आणि म्हणायची, "येवडा कोण ढकलतो, दिसतंय मला."

तो पुराव्याच्या बाबतीत आळशी नव्हता, हे सांगायला हवं. कोर्टात वय गेलेलं होतं. त्याने गवंड्याकडून ओळंबा आणला, दोन माणसं लावून तो माडाच्या शेंड्याला बांधून घेतला, एक कौल सरकवून दोरी खाली सोडली आणि वारा नसताना ओळंब्याचं टोक पडवीच्या जमिनीवर जिथे टेकलं तिथे कोळशाने फुली केली. माड सरकला की टोक फुलीपासून सरकणार. शिमगा गेला, पाऊस येऊन गेला, भाताची कापणी झाली. टोक फुलीवरच होतं.

"मग?" मथुरेने विचारलं. "नाय ना सरकला?"

"तसा नाय," गंगाराम म्हणाला. त्याने यावर विचार केलेला होता. "माडाबरोबर जमीनपण सरकत असली तर फुलीपण सरकणार. मग टोक फुलीवरच दिसणार."

मथुरेने या उत्तराकडे बराच वेळ बघितलं, जणू ते भिंतीवर चिकटलंय.

मग अंथरुणाची हलवाहलव सुरू झाली. आधी पडवी सोडून माजघरात. मग माजघर सोडून चुलीपाशी. माड पडला तर चुलीपाशीही शेंड्याचा झाप, झावळीचं टोक, पोचेल असा हिशेब निघाला, तेव्हा गोठ्यात, म्हशीच्या पलीकडे. म्हशीला ते आवडलं नाही. तिने दूध आटवलं. मथुरेने तेही सहन केलं.

जे तिला सहन झालं नाही ते कोर्टात घडलं. पालीकडच्या एका जमिनीच्या दाव्यात साहेबांनी खूण केली, गंगाराम व्हरांड्यात आला, छाती भरून घेतली आणि प्रतिवादीच्या नावाऐवजी मांडवीपर्यंत पोचेल अशा आवाजात पुकारलं, "बाळा मयेकर, हाजीर हो." आणि तेही तीनदा. बाळा मयेकर नावाचा कोणी त्या दाव्यात नव्हता. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर गंगाराम आत जाऊन गैरहजर म्हणून सांगून आला. वकील लोक डोळे पुसेपर्यंत हसले. साहेबांनी चष्मा काढून त्याला आठवड्याची रजा दिली. रजा म्हणजे शिक्षा नव्हती, पण ती संपल्यावर बघू, असंही ते म्हणाले होते.

ही बातमी मथुरेला मासळीबाजारात कळली, आणि ती सांगणाऱ्या यमुनाबाईने सांगताना हाताने माड ढकलून दाखवला.

मथुरा घरी आली. टोपली खाली ठेवली, माशांवर झाकण घातलं आणि कपाटातली लुगडी बाहेर काढून गाठोडं बांधायला बसली.

"मी माहेरी जाते, पालीला, शिवादादाकडे," ती म्हणाली. "सोमवारच्या मोटारीने."

"किती दिवस?"

"माड पडला की निरोप पाठवा. मग येईन मी ढिगारा उपसायला."

गंगाराम उंबऱ्यावर बसला. तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. राग त्याला ओळखीचा होता. ही बाई नुसती दमलेली होती. तो तिला म्हणाला की तू म्हणतेस तसं नाही, खरंच ढकलतोय, मी सिद्ध करू शकतो.

मथुरेने गाठ अर्धी मारून सोडली. "करा," ती म्हणाली. "उद्या आयतवार हाय. माझ्यापुढे करा. सिद्ध झाला तर राहते, आणि मीपण येऊन तुमच्या बाजूने पाठ लावते. नाय झाला तर मी निघाले. आणि त्या म्हशीला घेऊन जाते."

रविवारी सकाळी जेवणाची तयारी करता करता मथुरेने परड्यात पाट मांडला, विळी घेतली आणि नारळ खवायला बसली. गंगाराम धुतलेला सदरा घालून, कमरेला कोर्टाचा पट्टा बांधून समोर उभा राहिला. पट्ट्याशिवाय त्याला बोलता आलं नसतं.

त्याने छाती भरून घेतली. "फिर्यादी गंगाराम धोंडू शिवलकर, हाजीर हो," असं तीनदा पुकारलं. शेजारच्या घरांवरचे कावळे उडाले. मग दोन पावलं पुढे येऊन तो हळूच म्हणाला, "हाजर."

"काय म्हणणं हाय?" मथुरेने विचारलं.

"बाळा मयेकर माझ्या घरावर माड ढकलतो."

"ता खरा हाय?"

"खरा हाय."

"नक्की? शपथेवर?"

गंगारामने नारळाच्या करवंटीवर हात ठेवला, कारण दुसरं काही जवळ नव्हतं. "शपथेवर."

"तुमी काय बघितलात ता सांगा. वाटला ता नको. बघितला ता."

इथे तो जरा अडखळला. रोज वकिलांच्या तोंडून हा प्रश्न ऐकलेला होता. तो आपल्याकडे तोंड करून उभा राहील असं कधी वाटलं नव्हतं. "त्याने पाठ टेकलेली बघितली."

"टेकलेली. आणि ढकलताना?"

"ढकलणं पाठीच्या आत असतं. वरून दिसत नाय."

"मग पाठीच्या आतला तुमाला कसा दिसला?"

"कळतं," तो म्हणाला.

"यमुनेलापण कळतं की मी तुमाला उपाशी ठेवते, म्हणून तुमी असे झालात. ता खरा हाय?"

"नाय."

"तिला कळतं ना पण."

ती नारळ खवत राहिली. खोबऱ्याचा कीस ताटात साठत होता. गंगाराम पट्टा सरळ करत होता.

"बरा, ता बाजूला ठेवा," मथुरा म्हणाली. "नुकसान काय झाला ता सांगा. दाव्यात नुकसान लागतं ना?"

नुकसानीच्या बाबतीत गंगाराम एकदम सैल सुटला. झोप गेली. पाठ गेली. उजवी टाच फाटली. म्हशीचं दूध गेलं. कोर्टात नाचक्की झाली. जेवण गोड लागत नाही, आगबोटीची शिटी वाजली तरी दचकायला होतं. बायको पालीला निघाली. सांगता सांगता त्याचा आवाज पुकाऱ्याइतका चढला, कारण असं सलग कोणी त्याला सांगू दिलं नव्हतं.

"ह्या सगळा माडाने केला?"

गंगारामने वळून माडाकडे पाहिलं. माड होता तिथेच कलून उभा होता. त्याने कौलाला अजून झापसुद्धा लावला नव्हता.

"नाय," तो म्हणाला.

"बाळाभावोजींनी केला?"

त्याने पुष्कळ विचार केला. बाळाने त्याला तंबाखू दिली होती. एकदा सुरमईचा तुकडा पाठवला होता, तो विष असेल म्हणून त्याने मांजराला घातला. मांजर अजून बाळाच्या दारात बसतं. "त्यानेपण नाय."

"मग कोणी?"

"माझ्या मनात आला त्याने," गंगाराम म्हणाला, आणि आपणच बोललेलं ऐकून तो चपापला.

मथुरेने विळी आडवी केली. तिला आता यात गोडी लागली होती. इतकी वर्षं नवरा रोज कोर्टात जातो आणि तिथे काय करतो, हे तिला कधी नीट कळलं नव्हतं. काम बरं होतं.

"साक्षीदार बोलवा," ती म्हणाली.

"कोण?"

"ज्याची पाठ हाय तो."

गंगारामला हे नको होतं. पण पट्टा कमरेला होता. तो गडग्यापाशी गेला आणि पुकारलं. पहिल्या हाकेलाच बाळा बाहेर आला, हात माशांच्या खवल्यांनी भरलेले.

"काय रे, पेटला काय कुठे?"

"साक्षीला ये," गंगाराम जमिनीकडे बघत म्हणाला.

बाळा गडगा ओलांडून आला. मथुरेला पाटावर आणि गंगारामला पट्ट्यात बघून त्याने आधी हात धोतराला पुसले. आगबोटीवर त्याने विचित्र देश पुष्कळ पाहिले होते, त्यामुळे तो फार चकित झाला नाही.

"भावोजी," मथुरेने विचारलं, "हा माड कोण ढकलतो?"

"गंगाराम," बाळा लगेच म्हणाला.

मथुरेने नवऱ्याकडे बघितलं.

"रोज ढकलतो, वयनी. पाठ लावून, दात खाऊन. मला खोडातून कळतं. माझ्या घराकडे रेटतो. पहिल्यांदा वाटला, बिचाऱ्याला पाठीला खाज असेल, लाजेने सांगत नसेल. मग म्हटला, असेल त्याचं काय कारण. घासू दे."

गंगारामने मान वळवून गडग्यापलीकडे बघितलं. बाळाचं घर त्या बाजूलाच होतं. इतके महिने जर माड खरोखर हलण्यासारखा असता, तर तो बाळाच्या घरावर गेला असता, आणि तो घालवणारा आख्ख्या मांडवीत एकच माणूस होता.

"आणि तुमी कशाला टेकता?" मथुरा म्हणाली.

बाळाने माडाकडे पाहिलं. "वयनी, बोटीवर सगळा हलता. खाट हलते, भात हलतो, देवाचा फोटो हलतो. जमिनीवर उतरलो तरी महिनाभर जमीन हलते. इथे आलो तेव्हा घरातपण हलत होता, गोदा नाय ना. हा एक माड तेवढा हलत नाय. त्याला पाठ लावली की बरा वाटतं."

मथुरेने पदराने नाक पुसलं, आणि खोबऱ्याचा कीस उगाच सारखा केला.

"तोडायचा असेल तर तोडूया म्हणून मी याला शिमग्यापास्नं विचारतोय," बाळा पुढे म्हणाला. "कललाय तुमच्या घरावर, खोटा कशाला बोलू. पण हा नुसता हूं म्हणतो. हूं म्हणजे हो काय नाय, ता कसा कळणार?"

"विचारतोस?" गंगाराम म्हणाला. "कधी?"

"रोज. बोकडाची गोष्ट सुरू करायच्या आधी."

"कसला बोकड?"

बाळाचा चेहरा पडला. मथुरेनेच उत्तर दिलं. "एडनच्या बंदरात कप्तानाने बोटीवर बोकड घेतला तो. मला चुलीपाशी सगळा ऐकू येतं. वर्ष झाला सांगतायत. तुमी मांडीला मांडी लावून बसलेले असता."

"पाठीला पाठ," गंगाराम पुटपुटला.

"मग ऐकत काय होतात?"

तो काय ऐकत होता? खोडाची थरथर. आणि स्वतःचं डोकं, जे रोज एकच वाक्य पुकारत होतं आणि रोज त्याच्यापुढे स्वतःच हजर होत होतं. दुसरा साक्षीदार त्याने कधी बोलावलाच नव्हता.

मथुरा उठली. "आता तिथे जाऊन बसा," तिने नवऱ्याला सांगितलं. "रोजच्या जागी. भावोजी, तुमीपण. आणि हा माड कोण ढकलतोय, ही गोष्ट तुमाला कोणी सांगितलीच नाय, असे बसा."

"तसा कसा बसायचा?"

"म्हशीसारखा."

गंगाराम बसला. सवयीने टाचा रुतल्या. मथुरेने काठीने त्याचे पाय सरळ केले. त्याने पाठ खोडाला नुसती लावली. रेटलं नाही, इतकंच. खोड खरखरीत होतं, उन्हाने थोडं तापलेलं होतं, आणि पलीकडून काहीच येत नव्हतं. कुठलाही जोर नाही. पलीकडे एक म्हातारा होत चाललेला माणूस श्वास घेत होता, आणि तेही खोडातून कळत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. गंगारामला वाटलं होतं की आपण रेटायचं थांबलो तर माड कोसळेल. माड कोसळला नाही. त्याला कोणाचीच गरज दिसली नाही.

"तोडायचा काय?" बाळाने विचारलं. या वेळी ते ऐकू आलं.

गंगारामने वर पाहिलं. झाप हलत होते. मधोमध नारळांचा घड होता. "नको," तो म्हणाला. "आमच्या बाजूचे नारळ तेवढे वेळेवर उतरवून घे. ते डोक्यात पडतील."

"ह्या खरा की वाटतं?" मथुरेने विचारलं.

"गेल्या साली पडला होता. मी बघितला."

"मग खरा," ती म्हणाली, आणि खोबऱ्याचं ताट उचलून आत गेली.

दावा निकालात निघाला. कसा, ते वेगळं सांगायला कोणी पुकारा केला नाही. दुपारी तिघांनी एकत्र जेवण केलं. मांजराने बाळाच्या बाजूला बसणं पसंत केलं.

सोमवारी मथुरा तरीही पालीला गेली. शिवादादाला निरोप गेलेला होता, तो मोटारीपाशी उभा राहणार होता, आणि माहेरी जायची संधी माडामुळे आली काय नि कशामुळे आली काय, ती तिला सोडायची नव्हती. "गुरुवारी येते," ती गाडीत बसता बसता म्हणाली. म्हशीला तिने नेलं नाही.

मोटार धूळ उडवत गेली आणि गंगाराम रस्त्यात उभा राहिला. घराकडे येताना मधल्या वळणावर ते आलंच: ती परत येणार नाही. गाठोडं मोठं होतं. गुरुवारी म्हणाली, पण कोणत्या, ते कुठे म्हणाली?

तो रस्त्याच्या कडेला थांबला. आजूबाजूला कोणी नाही असं बघून, छाती भरून त्याने त्या विचाराला नाव घेऊन पुकारलं: "मथुरा परत येणार नाही, हाजीर हो." मग साक्षीदारांना पुकारलं. बघितलेलं काय, ते सांगायला बोलावलं. कुणी आलं नाही. एक बैलगाडीवाला मात्र वळणावरून आला, त्याने बैल थांबवले आणि विचारलं, "मला हाक मारलीत काय?"

"तुला काय माहीत हाय तिच्याबद्दल?"

"कोणाबद्दल?"

"मग जा," गंगाराम म्हणाला.

विचार गेला असं नाही. पण तो आता एकटा उभा होता, बाजूला कोणी साक्षीदार नसलेल्या वादीसारखा, आणि थोडा ओशाळलेला वाटत होता. गंगाराम चालू लागला तेव्हा तो बराच मागे राहिला. त्या आठवड्यात तो आणखी बऱ्याचदा आला. हौसाबद्दल आला, आवाजाबद्दल आला, साहेबांबद्दल आला. प्रत्येकाला गंगारामने पुकारलं. मांडवीतल्या लोकांनी समजूत करून घेतली की बिचारा रजेवर आहे, तरी सवय जात नाही. साहेबांबद्दलचा, नोकरी जाईल हा विचार मात्र अगदीच खोटा नव्हता. तिथे साक्षीदार होते, व्हरांडाभर. मग गंगाराम गुरुवारी सकाळी साहेबांकडे गेला आणि चूक झाली म्हणून सांगून आला. साहेब म्हणाले, सोमवारपासून या.

संध्याकाळी मथुरा मोटारीतून उतरून घरी आली. गाठोडं डोक्यावर, आणि काखेत भावाने दिलेला फणस. दार सताड उघडं होतं. अंथरूण पडवीत, कौलांखाली, जुन्या जागी पसरलेलं होतं. चूल थंड होती. ती परड्यात गेली.

दोघं माडाला पाठी लावून बसले होते. गंगारामचे पाय लांब पसरलेले होते आणि टाचा वर होत्या.

"तर बोकड कप्तानाच्या खोलीत घुसला," बाळा म्हणत होता, "आणि बाजूने वारा आला, आणि बोट एका अंगाला कलली."

"मग?" गंगारामने विचारलं.

बाळाने तंबाखूची चंची उघडली. ती तशीच हातात धरून तो वळला आणि खोडाच्या आडून गंगारामकडे बघू लागला.

"मग काय झाला ता आता आठवायला लागेल," बाळा म्हणाला. "वर्षभर इथपर्यंतच सांगतोय. पुढे कोणी विचारलाच नाय."

मथुरेने फणस खाली ठेवला, गाठोडं ठेवलं आणि गडग्याच्या दगडावर बसली. चूल पेटवायची होती. पण बोकड कलल्या बोटीवर उभा होता, आणि तिलाही ते वर्षभर कळलेलं नव्हतं.